पाण्याखालचे पाय

यादोराव वलथरे कागदाला हात लावण्याआधी हात धुतात. जन्मभर मासे धरलेले हात. कागदाला एकदा वास लागला की तो जात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या सकाळीही त्यांनी राखेनं घासून हात धुतले, बंडीला पुसले आणि मग लेकीनं आणलेला अल्बम मांडीवर घेतला.

खुशबू समोर उंबरठ्यावर बसली होती. पार जगाच्या दुसऱ्या टोकाहून, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरून, तिनं तो अल्बम कपड्यांच्या घडीत काचेच्या भांड्यासारखा जपून आणला होता. आतले सगळे फोटो तिनं स्वतः समुद्राच्या तळाशी जाऊन काढलेले होते. बोदलकशाच्या तलावाकाठी, मासे धरणाऱ्यांच्या ढिवरटोलीत, ती पोचून एक रात्रही झाली नव्हती, आणि कधी एकदा बाबा हे पाहतात असं तिला झालं होतं.

पहिल्या पानावर परातीएवढे दोन काळे मासे होते. प्रत्येक खवल्याला सोनेरी कड, आणि दोघं नवराबायकोसारखे जोडीनं निघालेले. दुसऱ्या पानावर पोवळ्यांचं रान होतं. सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या आणि त्यांच्यामधून पाण्याबरोबर झुलणारे जांभळे पंखे. तिसऱ्या पानावर बोटाएवढा एकच मासा वाळूतल्या बिळातून अर्धा बाहेर आलेला. त्याचं तोंड भिजवलेल्या साबुदाण्यानं भरल्यासारखं दिसत होतं.

यादोराव त्या पानावर थांबले. "याच्या तोंडात का भरलं?"

"अंडी, बाबा. त्याचीच. हा बाप होय. पिल्लं निघतपर्यंत तोंडातच सांभाळते."

"हं." त्यांनी फोटो थोडा लांब धरून पाहिला, थोडा जवळ धरून पाहिला. मग अल्बम मिटला. "चांगले रंग देल्ले, पोरी."

"रंग मी नाही देल्ले. तसेच राहतात ते."

"हव, हव."

आतून रुक्माबाई ओरडली, "अजी, सारी पानं तं पाहा! पोरगी कुठून आली, आन तुमी तीन पानात उठून राहिले."

"पाह्यलं न. मी कुठी वाईट म्हनलं?" यादोरावांनी अल्बम पुन्हा त्याच्या प्लास्टिकात गुंडाळला आणि जाळ्याची शिसं ठेवायच्या फळीवर नीट ठेवून दिला. मग ते वल्हं घेऊन तलावाकडे निघून गेले.

ते रागावले असते तर खुशबू भांडली असती. पण ते मायेनं बोलले होते. लहानपणी तिनं अंगणात काढलेल्या रांगोळीला 'चांगली काढली' म्हणायचे, त्याच आवाजात.

खरं तर यादोरावांचंही काही चुकलं नव्हतं. फोटो म्हणजे पडदा, हे त्यांना मंडईनं शिकवलं होतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते. तिथे एक फोटोवाला यायचा. त्याच्याकडे रंगवलेले पडदे असायचे, एकावर विमान, एकावर बाग, एकावर समुद्र. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईत यादोराव आणि रुक्माबाई त्या समुद्रासमोर उभे राहिले होते. तो फोटो अजून घरात आहे. त्यात रुक्माबाईच्या कानाजवळून एक लालपिवळा मासा हवेत उडी मारतो. "असा मासा मी धरला नाही कवा," यादोराव दर वेळी म्हणतात.

पण मंडईचा पडदा एक वेळ परवडला. खरी गोष्ट त्यानंतरची होती, आणि ती खुशबूच्याच अंगाशी आली होती. तिरोड्याला बारावी झाल्यावर ती गोंदियाला इंद्रकुमारच्या स्टुडिओत कामाला लागली. इंद्रकुमार लग्नाचे अल्बम करायचा आणि हिंदीतच बोलायचा. "बिटिया, लोग फोटो नहीं लेते, सपना लेते हैं. तू बस काट और चिपका." खुशबू कापून चिकटवण्यात इतकी तरबेज झाली की नवरदेवाच्या फेट्याचा एक धागाही तुटायचा नाही. चुलतभाऊ टिंकूचं लग्न झालं तेव्हा त्याचा अल्बम तिनंच केला. त्यात टिंकू आणि त्याची बायको गुंजन चंद्रकोरीवर पाय सोडून बसले होते आणि खाली बर्फाचे डोंगर होते.

यादोरावांनी तो अल्बम डोळ्यांजवळ नेऊन पाहिला होता आणि सगळ्यांसमोर अगदी सरळ मनानं विचारलं होतं, "हे कवा गेले होते?"

घर हसून हसून लोळलं. टिंकू म्हणाला, "काका, तुमच्या खुशबूनंच बसवलं आमाले चंद्रावर!" यादोराव हसले नाहीत. ते लेकीकडे पाहत राहिले. त्यांना राग आला नव्हता. एवढं खरं दिसणारं खोटं आपल्या घरात होतं, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

कारण यादोराव खोटं बोलत नाहीत. जाळ्यातून निसटलेला मासा प्रत्येक ढिवराचा हातभर मोठा असतो, त्यांचा मात्र होता तेवढाच राहतो. याला अपवाद एकच. त्यांच्या डाव्या पायाचं करंगळीजवळचं बोट अर्धं तुटलेलं आहे. ते म्हणतात कासवानं तोडलं. रुक्माबाई म्हणते, "कोनतं कासव? लाकडं फोडताना कुऱ्हाड लागली. मीच हळद भरली." या एका बाबतीत मात्र दोघंही माघार घेत नाहीत.

स्टुडिओतूनच खुशबूची वाट फुटली. नागपूरच्या एका एजन्सीला समुद्रावरच्या प्रवासी जहाजांसाठी फोटो काढणारी माणसं हवी होती. इंद्रकुमारनंच अर्ज करायला लावलं आणि ती गेली. एवढ्या लांब गेली, तर तिथेही पडदाच! जहाजाबाहेर खरा सूर्य मावळत असायचा आणि आत ती पाहुण्यांना छापील सूर्यास्तासमोर उभं करून हसा म्हणायची.

मग एके दिवशी जहाज बोनेर नावाच्या लहानशा बेटाला लागलं. खुशबू कठड्याशी उभी होती. खाली पाहिलं तर जहाजाची सावली थेट समुद्राच्या तळावर पडलेली. मध्ये पाणी आहे की नाही, हेच कळेना. आपल्या तलावाचा तळ तिनं कधी पाहिला नव्हता. तो फक्त पायाला कळायचा. त्या पाण्याकडे पाहत असताना तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे बाबांनी पाहिलं पाहिजे.

जहाजाचा करार संपल्यावर ती त्याच बेटावर परत गेली. तिथे एलिना नावाच्या बाईचं लोकांना पाण्याखाली नेणारं दुकान होतं. खुशबूला आधी दुकान झाडायचं काम मिळालं, नंतर हवेच्या टाक्या धुवायचं, आणि मग एकदाचं एलिनानं तिला स्वतःबरोबर खाली नेलं.

आणि खाली गेल्या गेल्या खुशबूनं एक चूक केली. ती चूक बोदलकशाचं माणूसच करू जाणे.

लहानपणी शिंगाडे तोडायला बाबा तिला छातीभर पाण्यात नेत. पाण्यावर वेलीच वेली, खाली काय आहे ते दिसत नाही. बाबांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती. आधी पाय टेकव, मग हात चालव. चिखलात पाय रुतला, उभं राहता आलं, की मग घाबरायचं काही नाही. तिच्या पायांनी हे असं पाठ केलं होतं की डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती. तिथे समुद्रात कान गच्च झाले, छाती धडधडली, आणि पायांनी आपलं काम केलं. टेकले. पायाखाली चिखल नव्हता, जिवंत पोवळं होतं. कट्ट करून आवाज आला. पाण्यात आवाज फार मोठा लागतो.

एलिनानं तिला वर आणलं. रागावली नाही. तुटलेली फांदी अंगठ्याएवढी होती. ती तिच्यासमोर धरून एलिना एवढंच म्हणाली, "ही वाढत होती तेव्हा तू शाळेत जात होतीस."

पुढे कितीतरी दिवस एलिनानं तिला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. उघड्या वाळूवर पाण्यात अधांतरी तरंगायचं. हात हलवायचे नाहीत, पाय टेकवायचे नाहीत, नुसत्या श्वासावर वर-खाली व्हायचं. बाबांनी पायांना जे शिकवलं होतं, ते सगळं खुशबूला विसरावं लागलं. विसरल्यावर मात्र ती पाण्यात अशी राहू लागली की मासे तिच्यासमोरून वळेनासे झाले. तो बोटाएवढा मासा बिळातून बाहेर यावा म्हणून ती रोज त्याच जागी जाऊन तरंगायची. एके दिवशी त्यानं तोंड उघडलं. अंड्यांमधून चिमुकले डोळे चमकताना तिला दिसले. चष्म्याच्या काचेआड ती रडली होती, आणि तो चष्मा पाण्याखाली पुसता येत नाही.

त्या फोटोला बाबा म्हणाले, चांगले रंग देल्ले.

दोन दिवसांनी दुपारी ते मोहाच्या सावलीत जाळं सांधत बसले होते. खुशबू जवळ जाऊन बसली.

"बाबा, तुमाले खरंच वाटते का मी ते चिपकवलं?"

"चिपकवलं नाही म्हनत मी. रंग देल्ले म्हनलं."

"खोल गेलं का लाल रंग दिसत नाही, बाबा. पानी पिऊन टाकते त्याले. सारं निळं दिसते. मंग आमी बत्ती मारतो, तवा लाल दिसते."

यादोरावांच्या दातात सुतळी होती. ती त्यांनी काढली. "म्हनजे बत्ती नाही मारली तं निळं."

"हव."

"आन तुया डोळ्याले निळंच दिसलं."

"हव."

"मंग लाल कोनाले दिसलं?"

रंग तिथे होताच, फक्त उजेड नव्हता, हे खुशबूला माहीत होतं. पण ज्याला अल्बममधल्या चंद्रावर नेऊन बसवलं, त्याच टिंकूच्या काकाला ते कसं सांगायचं?

"रागावू नको," यादोराव पुन्हा सुतळी दातात धरत म्हणाले. "पोट भरते न त्याच्यावर तुयं? मंग झालं."

तेवढ्यानं खुशबूचं होणार नव्हतं. तिकडे तिचे फोटो दुकानात लागत होते, लोक नावाजत होते. पण ज्या माणसाचा जन्म पाण्यात गेला, त्यालाच पाण्याखालचं आपलं काम खोटं वाटतं, ही गोष्ट तिला खात राहिली. पाऊस लागायच्या आत तिला परत जायचं होतं. त्याआधी बाबांचा विश्वास बसला पाहिजे. आणि तो बसवायचा तर फोटो त्यांच्या ओळखीच्या पाण्यातला हवा, त्यांना खरंखोटं करता येईल असा.

दुसऱ्या दिवशी ती तलावात उतरली. वैशाखाचं ऊन, पाणी पाळीपासून, तलावाच्या बांधापासून, बरंच मागे हटलेलं. डोळ्यांवर काचेचा चष्मा, तोंडात श्वासाची नळी, पायात रबरी पंखे आणि हातात पाणी न शिरणाऱ्या पेटीतला कॅमेरा. ढिवरटोलीच्या बाया घरातून उठून पाहायला आल्या. पाळीवरून मच्छीमार संस्थेचा कैलाश चालला होता. तो सायकल टेकवून उभा राहिला.

"काऊन वं खुशबू, तिकडचा समुद्र आटला का?"

"आटला, कैलाशभाऊ. तुमच्या संस्थेच्या हाती देल्ला असता तं याच्याही आधी आटला असता!"

बाया खो-खो हसल्या. कैलाशही हसला, पण जाता जाता म्हणालाच, "मासा दिसला तं सांगजो. आमाले तं जाळं टाकल्याबिगर दिसत नाही."

मासा काही दिसला नाही. खुशबू तिकडे शिकली होती तशी अधांतरी तरंगली, अलगद पाय हलवले. पण तिथे खाली पांढरी वाळू होती, इथे वर्षानुवर्षांचा मऊ गाळ. पंख्याचा एक झटका बसला की खालून ढग उठायचा आणि समोर धरलेला स्वतःचा हातही दिसेनासा व्हायचा. संध्याकाळी तिनं लॅपटॉपवर फोटो लावले. सगळे तांबूस-तपकिरी.

रुक्माबाई मागून वाकून म्हणाली, "हा चहाचा फोटो चांगला आला."

"माय, तू पन!"

"मंग का म्हनू? दूध थोडं कमी पडलं म्हनू?"

यादोराव भिंतीला टेकून बिडी ओढत होते. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली, एवढंच. खुशबूला ते लागलं.

ती रोज जात राहिली. बाया यायच्या थांबल्या. कैलाश सायकलवरून नुसता हात करायचा. फोटो तसेच यायचे. यादोराव आपल्या डोंग्यातून जाळी पाहायला जायचे आणि परतताना जरा लांबून लेकीकडे पाहायचे. एक गोष्ट मात्र खुशबूच्या ध्यानात आली. त्यांचा डोंगा जांभळीच्या कोपऱ्याला वळसा घालून जात होता. पाण्यात अर्धं बुडालेलं ते झाड, त्याभोवती दाट शेवाळ, उथळ पाणी. जाळ्याला जागा उत्तम. तरी बाबाच काय, टोलीतला एकही डोंगा तिकडे फिरकत नव्हता.

शेवटी एका सकाळी यादोरावांनीच डोंगा तिच्याजवळ आणला. खुशबू नुकतीच एका चहाच्या ढगातून वर आली होती.

"कायले एवढ्या लाथा मारून राहिली पान्याले? त्यानं तुयं का केलं?"

"लाथा नाही मारत, बाबा. तरंगून राहिली."

"पाय टेकव."

"तिथं पाय टेकवत नाहीत. खाली जीव राहतात, मोडतात. माया पायानं पोवळ्याची एक फांदी मोडली."

"तिथं नसतील टेकवत. तिथलं तू जान. हे इथलं पानी आहे." ते वल्हं आडवं ठेवून बोलत होते. "ते रबर काढ पायातलं. लहानपनी सांगतलं होतं, विसरली का?"

"विसरली. विसरायले लय दिवस लागले," खुशबू म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं पंखे काढून डोंग्यात टाकले. पाय खाली सोडले. गार गाळ बोटांमधून वर आला, घोट्यापर्यंत चढला आणि थांबला. कमरेच्या वर पाणी. पायांना सगळं आठवलं.

"आता हालू नको," यादोराव म्हणाले. "गाळाले बसायले वेळ देल्ला पाहिजे."

ती उभी राहिली. नुसती वाकून पाण्यात तोंड घातलं, नळीनं श्वास घेत राहिली. बराच वेळ समोर नुसता तपकिरी अंधार होता. मग तो हळूहळू खाली बसू लागला, घरातला धूर दारातून जावा तसा. आधी तिचे गुडघे दिसले. मग शेवाळाचे हिरवे झुबके. मग त्यांच्यामधून नखाएवढे चंदेरी मासे आले आणि तिच्या पोटऱ्यांना टोचू लागले. समुद्रात तिला माशांपर्यंत जावं लागायचं. इथे मासे तिच्याकडे आले होते.

तिनं तोंड वर काढलं. "बाबा, दिसते! खाली सारं दिसते!"

"दिसनारच," यादोराव म्हणाले, पण त्यांचा चेहरा फुलला होता.

"बाबा, त्या जांभळीजवळ काऊन कोनी जात नाही?"

यादोरावांनी जांभळीकडे पाहिलं. "मरळ आहे तिथी. पिल्लं घेऊन आहे."

एवढ्यानं खुशबूला कळलं. ढिवरटोलीचा हा रिवाज आजचा नाही. मरळीची पिल्लं लालभडक, गोळा करून वर श्वास घ्यायला येतात, तेव्हा पाणी थाळीभर लाल होतं. त्या लालीखाली बाप असतो, आई असते. तिथे जाळं टाकलं तर मासा हमखास मिळतो, आणि म्हणूनच कुणी टाकत नाही. ज्याला लाली दिसली तो डोंगा वळवतो. दुसऱ्याला सांगतही नाही, दुसऱ्यानं डोंग्याच्या वळशावरून ओळखायचं.

"मले ने न, बाबा."

"नाही."

"हात नाही लावनार. आमाले तिथं हेच शिकवलं. कशालेच हात लावायचा नाही, पाहायचं आन निघून यायचं."

यादोराव तिच्याकडे पाहत राहिले. या एका बाबतीत तिकडची रीत आणि इकडची रीत एकच निघाली, हे त्यांना पटत असावं. तरी ते सहज तयार झाले नाहीत. "पिल्लं फुटली तं बाप भिरभिरते. मंग एक-एक करून बगळा नेते. समजली? जवळ नाही जायचं. मी उभा राहीन, माया मागं नाही, बाजूले राहायचं. मी हात केला का सरकायचं."

ते डोंगा झाडापासून लांब बांधून पाण्यात उतरले. दोघं पाय अलगद सरकवत, गाळ न उठवता, इंचाइंचानं पुढे गेले. मग यादोराव शेवाळाच्या कडेला उभे राहिले आणि खुशबू जरा बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून. ऊन डोक्यावर आलं. खुशबूनं पाण्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही. पाठ भाजत होती, मान अवघडली होती. पण गाळ बसला होता आणि शेवाळाच्या कमानीखाली ऊन तिरपं उतरून तळापर्यंत पोचलं होतं.

पिल्लं आली. मूठभर निखारे कुणी पाण्यात सोडावेत तशी, एकत्र, थरथरत. आणि त्यांच्याखाली तो. हातभर लांब, काळपट, पाठीवर फिकट ठिपके, सापासारखं डोकं. तो खुशबूच्या कॅमेऱ्यासमोर येऊन थांबला. पेटीच्या काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसलं असावं. त्यानं धडक दिली. टक्क. खुशबू हलली नाही. त्यानं पुन्हा धडक दिली. ती हलली नाही. तिला बत्ती आठवली, आणि बोट त्या कळीवरून तिनं काढून घेतलं. आहे त्या उजेडातच. तिनं श्वास अर्धा सोडला, तिकडे शिकली होती तसा, पाय गाळात घट्ट, इकडे शिकली होती तसे, आणि कळ दाबली.

घरी आल्यावर तिनं लॅपटॉप ओसरीवर ठेवला. टिंकू सहज म्हणून आला होता, तोही थांबला. रुक्माबाई तिरोड्याच्या बाजारातून परतून टोपलं उतरवत होती.

"चहा की दूध?" रुक्माबाईनं विचारलं आणि पडद्याकडे पाहून टोपलं तिथंच ठेवून पुढे आली.

यादोराव न्हाणीकडे जाऊन हात धुऊन आले. कागद नव्हता, तरी धुऊन आले. समोर बसले. हिरवट पाणी, वरून उतरलेल्या उन्हाच्या काड्या, मधोमध लाल पिल्लांचा गोळा, त्याखाली मरळ, तोंड किंचित उघडं. आणि त्याच्या मागे, शेवाळाच्या कडेला, गाळात घोट्यापर्यंत रुतलेली माणसाची दोन पावलं. त्यांच्याभोवती चंदेरी मासे जमलेले.

"हे कोनाचे पाय?" यादोराव म्हणाले.

गाळ घोट्यांवर चढला होता, पण डाव्या पायाची बोटं त्यातून वर आली होती. करंगळीजवळचं बोट अर्धं होतं.

यादोरावांनी आपला डावा पाय पुढे घेतला. त्याच्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा पायाकडे. ज्या पायांवर ते जन्मभर त्या पाण्यात उभे राहिले, ते तिथे खाली कसे दिसतात हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"बत्ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही मारली."

"रंग?"

"नाही, बाबा. आहे तसं आहे."

टिंकू म्हणाला, "काका, मी सांगतो, हे चिपकवलेलं नाही. मले माहीत आहे चिपकवलेलं कसं राहते!"

"तू चूप राय, चंद्रावरचा," यादोराव म्हणाले, आणि सगळे हसले. तेही हसले. मग ते पडद्याकडे बोट करून रुक्माबाईला म्हणाले, "पाह्यलं? कासवानंच तोडलं. कुऱ्हाडीचा घाव असा दिसते का?"

"आता फोटोले बी खोटं बोलायले लावता का?" रुक्माबाई म्हणाली, पण ती वाकून त्या पावलांकडेच पाहत होती. पदरानं तिनं पडदा हलकेच पुसला, जणू गाळ निघेल.

यादोराव उठले, फळीवर हात घालून शिसं बाजूला सारली आणि अल्बम काढला. प्लास्टिक उलगडलं. खुशबूला त्यांनी जवळ बोलावलं नाही, पण शेजारची जागा हातानं झाडली. ती जाऊन बसली.

या वेळी ते सावकाश निघाले. जोडीच्या काळ्या माशांवर थांबले. "हे असेच जोडीनं राहतात?" "हव, रोज." पोवळ्यांच्या रानावर थांबले. "यातली तू मोडली, ते कोनती?" "अशीच एक." त्यांनी त्या फांदीवर अंगठा टेकवायला नेला आणि तसाच वरच्या वर थांबवला.

तिसऱ्या पानावर ते पुन्हा अडले. बोटाएवढा मासा तोंडभर अंडी घेऊन त्यांच्याकडे पाहत होता. एकदा त्यांनी लॅपटॉपवरच्या मरळीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तं हा बी बापच."

"हव."

"आन पिल्लं तोंडात. मंग कोनाशी बोलत नसन बिचारा." त्यांनी पान न उलटता विचारलं, "तिथी याले का म्हनतात?"

खुशबूनं तिकडचं नाव सांगितलं. यादोरावांना ते म्हणता आलं नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

"आपल्याकडे असता तं तोंडभऱ्या म्हनलं असतं," ते म्हणाले. मग पुढचं पान उलटलं. "पावसाआधी जाय तू. पन शिंगाड्याच्या वक्ताले ये. तवा पानी साफ राहते. वेलीखाली का का आहे, मी बी पाहिलं नाही अजून."